रोजच्या वापरासाठी सेकंडहँड परफॉर्मन्स कूपे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कूपे म्हणजे दोन दारांची, उतरत्या छताची गाडी. ही उत्तरं मुंबई, ठाणे, पुणे, नाशिककडचे रस्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. गाडी ऑफिसला जाणार, पावसात भिजणार, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उतरणार, असं इथे गृहीत धरलं आहे. रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत जाऊन परत झाकून ठेवायची असेल, तर निवडीचे निकष वेगळे लागतात.

नेमक्या कुठल्या गाड्यांचा विचार करायचा?

आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात सापडणारी प्रमुख नावं अशी: बीएमडब्ल्यू एम २ कॉम्पिटिशन (भारतात २०१८ च्या अखेरीस आली, ४१० हॉर्सपॉवर), मर्सिडीज-एएमजी सी ४३ कूपे (२०१९, ३९० हॉर्सपॉवर), ऑडी आरएस ५ कूपे (२०१८, ४५० हॉर्सपॉवर), फोर्ड मस्टँग जीटी (२०१६), जॅग्वार एफ-टाइप आणि पोर्शे ७१८ केमन. थोडं मागे गेलात तर ४.२ लिटर व्ही ८ वाली जुनी आरएस ५ आणि २०१४ ची एम ४ मिळते.

यांतली कुठलीही गाडी वाईट नाही, पण प्रत्येकीचा एकेक विशिष्ट नमुना वाईट असू शकतो. म्हणून आधी मॉडेल ठरवून त्याच्या मागे धावू नका. दोन-तीन मॉडेल मनात ठेवा आणि ज्या गाडीचा इतिहास कागदावर पूर्ण दिसतो ती घ्या.

खाली घासणार नाही का?

घासू शकते. सगळ्यात जास्त पश्चात्ताप याच बाबतीत होतो, त्यामुळे इथे घाई नको.

या गाड्यांचा ग्राउंड क्लीअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) साधारण ११० ते १३० मिलिमीटर असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. तसा असेल तर यांतली बहुतेक प्रत्येक गाडी आरामात पार होते. अडचण करतात ते गल्लीतले, रात्रीतून डांबर ओतून केलेले अरुंद उंचवटे. त्यांवर पुढचं चाक उतरतं, मागचं अजून चढलेलं नसतं आणि मधलं पोट टेकतं.

घराच्या वाटेवरच्या प्रत्येक संशयास्पद जागेची चाचणी गाडी घेण्याआधीच करता येते. गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) बघा: एम २ कॉम्पिटिशनचा २,६९३ मिमी, आरएस ५ चा २,७६६, सी ४३ कूपेचा २,८४०. तेवढ्या अंतरावर, स्पीडब्रेकरच्या किंवा बेसमेंट रॅम्पच्या माथ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठोकळा ठेवा. ठोकळ्याची उंची गाडीच्या क्लीअरन्सइतकी घ्या, आणि त्यातून २० ते ३० मिमी कमी करा, कारण चार माणसं बसली की गाडी साधारण तेवढी दबते. मग दोन्ही ठोकळ्यांच्या माथ्यांवरून सुतळी घट्ट ताणा. मधला उंचवटा सुतळीला लागला, तर गाडीलाही लागणार. तिरकं घेऊन काही ठिकाणी सुटका होते, पण बेसमेंटच्या अरुंद रॅम्पवर तिरकं घ्यायला जागाच नसते. रॅम्पच्या तळाशी पुढच्या बंपरचा ओठ टेकतो का, हे मात्र गाडी प्रत्यक्ष नेऊनच कळेल. विक्रेता तयार असेल तर टेस्ट ड्राइव्ह थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेऊन जा.

लोअरिंग स्प्रिंग्ज (गाडी आणखी खाली बसवणाऱ्या) टाकलेली गाडी रोजच्या वापराला घेऊ नका, भाव कितीही उतरलेला असला तरी.

पार्किंगचं काय?

कूपेचे दरवाजे लांब असतात. अडीच मीटरच्या खणात दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतील, तर उतरताना अंग आकसून बाहेर यावं लागतं. खांबाशेजारची किंवा कडेची जागा मिळत असेल तर सोसायटीकडून ती मागून घ्या. यांत्रिक पार्किंग असेल तर पॅलेटची आतली रुंदी आणि वजनमर्यादा सोसायटीकडून लेखी घ्या. रुंद टायरची रिम पॅलेटच्या कडेला घासते, आणि एका घासण्याचं डागडुजीचं बिल काही हजारांत जातं.

मुलांना मागे बसवता येईल का?

एम २, सी ४३ आणि आरएस ५ मध्ये मागे दोन खऱ्या सीट आहेत. लहान मूल आणि चाइल्ड सीट बसते, पण दर वेळी पुढची सीट सरकवून, कमरेत वाकून मुलाला आत ठेवावं लागतं. आजी-आजोबा रोज मागे बसणार असतील तर कूपेचा नाद सोडा. मस्टँगच्या मागच्या सीट नावापुरत्या आहेत. केमन आणि एफ-टाइप दोनच माणसांच्या.

ट्रॅफिकसाठी कुठला गिअरबॉक्स बरा?

सिग्नल ते सिग्नल रांगत जायचं असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाला (तेलाच्या माध्यमातून ताकद पोचवणारा) ऑटोमॅटिक. आरएस ५ (२०१८ पासूनची) आठ गिअरच्या झेडएफ (जर्मन गिअरबॉक्स कंपनी) बॉक्सवर आहे, सी ४३ नऊ गिअरच्या ऑटोमॅटिकवर. दोन्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गुळगुळीत चालतात.

एम २ कॉम्पिटिशन आणि जुन्या आरएस ५ मध्ये ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आहे. ओला (तेलात बुडालेला) क्लच असल्यामुळे तो नाजूक नाही, पण चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय त्याला मारते. ब्रेकवर थांबा, पुढे एका गाडीइतकी जागा झाली की मगच निघा. ड्युअल क्लचचं ऑइल आणि फिल्टर साधारण ६० हजार किलोमीटरला बदललेलं आहे का, त्याचं बिल मागा.

‘गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही’ हे वाक्य पुष्कळदा ऐकू येईल. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. अनेक झेडएफ बॉक्सच्या खालचा प्लॅस्टिकचा पॅन आणि फिल्टर एकच नग असतो, म्हणून पॅनच बदलावा लागतो. शेवटचं ऑइल इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना भरायचं असतं. गॅरेजवाला तापमान न बघता अंदाजाने भरणार असेल तर त्याला हात लावू देऊ नका. कमी भरलेल्या बॉक्सला झटके बसू लागतात.

मॉडेलनुसार काय बिघडतं?

*एम २ कॉम्पिटिशन.* यातलं एस ५५ इंजिन भक्कम आहे, पण क्रँकशाफ्टच्या पुढचा हब फक्त घर्षणावर धरलेला असतो. रीमॅप करून (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून) टॉर्क वाढवलेल्या गाड्यांत तो सरकतो आणि इंजिनचं टायमिंग बिघडतं. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच ठेवलेल्या गाडीत हा धोका बराच कमी. म्हणून स्टॉक एम २ साठी थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या. व्हॉल्व्ह कव्हर आणि ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटपाशी ओलसरपणा आहे का, बघा. शॉकॲब्झॉर्बर कमी-जास्त कडक करायची सोय यात नाही, त्यामुळे खड्ड्यांत धक्के सरळ पाठीला बसतात.

*सी ४३.* रोजच्या वापरासाठी या यादीतली आमची पहिली पसंती. फोर-व्हील ड्राइव्ह, जुळवून घेणारं सस्पेन्शन, शांत गिअरबॉक्स. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवलं, विशेषतः गाडी थंड असताना, की पुढची चाकं कचकच उड्या मारल्यासारखी सरकतात. ते स्टिअरिंगच्या भूमितीमुळे होतं. हा बिघाड नाही, आणि यासाठी लोअर आर्म बदलायला सांगणाऱ्या गॅरेजमधून निघून या. मात्र खराब रस्त्यावर २० च्या वेगात ‘टक-टक’ आवाज येत असेल तर ते सस्पेन्शनचे रबरी बुश असतात, आणि तो खर्च खरा असतो.

*आरएस ५, जुनी ४.२.* इंजिनाचा आवाज अप्रतिम. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. अक्रोडाच्या कवचाची भुकटी मारून तो काढतात. हे काम कधी झालं, विचारा. डायनॅमिक राइड कंट्रोलवाल्या गाडीत शॉक एकमेकांना तिरप्या तेलवाहिन्यांनी जोडलेले असतात. एक गळू लागला की त्याची तिरपी जोडी बिनकामाची होते. शॉकच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला तर तो खर्च वजा करूनच भाव बोला.

*मस्टँग जीटी.* भारतात आलेल्या पहिल्या गाड्यांत टर्बो नाही, पोर्ट इंजेक्शन आहे (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधी फवारलं जातं), म्हणजे कार्बनची कटकट नाही. ऑइल ७.६ लिटर लागतं. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा जवळचं सर्व्हिस सेंटर ही गाडी अजून घेतं का आणि पार्ट किती दिवसांत मागवून देतं, हे फोन करून विचारा.

*एफ-टाइप.* सुपरचार्जरखालचे प्लॅस्टिकचे कूलंट पाइप उष्णतेने ठिसूळ होऊन फुटतात. कूलंटचा गोडसर वास किंवा पाइपांवर वाळलेला पांढरट थर ही खूण. पाइप बदलल्याचं बिल असेल तर तो गाडीचा मोठा गुण समजा.

*७१८ केमन.* पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात. जाळीतून सुका पाला आत जातो, पावसात कुजतो आणि कंडेन्सर गंजतो. टॉर्च मारून आत बघा.

रनिंग कमी म्हणजे गाडी चांगली, हे खरं का?

नेहमी नाही. सहा वर्षांत नऊ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर कडक झालेले असतात, बॅटरी वारंवार उतरून मेलेली असते आणि रबराची सील सुकलेली असतात. वर्षाला पाच ते आठ हजार चाललेली, दर वर्षी न चुकता ऑइल बदललेली गाडी जास्त भरवशाची.

मीटर मागे घेतलंय का, कसं ओळखायचं?

कंपनीच्या स्कॅनरवर गाडी लावा: बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री, ऑडीसाठी ओडिस, पोर्शेसाठी पिविस. अनेक कंट्रोल युनिट आपापल्याकडे किलोमीटर नोंदवतात. ते आकडे डॅशबोर्डशी जुळायला हवेत. इंजिनचे तास मिळाले तर किलोमीटरला तासांनी भागा. शहरात चालणाऱ्या गाडीची सरासरी साधारण २० ते २५ येते. १५ हजार किलोमीटर आणि दीड हजार तास, म्हणजे सरासरी १०, असं निघालं तर एकतर गाडी तासन्‌तास उभीच सुरू होती किंवा मीटर खोटं आहे. पोर्शेच्या अहवालात इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं तेही सहा टप्प्यांत दिसतं. वरच्या टप्प्यांत नोंदी असतील, त्याही अलीकडच्या तासांतल्या, तर सोडून द्या.

बघायला जाताना काय क्रम ठेवायचा?

विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगा की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा, आणि कारण पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का, ते बॉनेट उघडं ठेवून ऐका. मागे दुसरा माणूस उभा करा, निळसर धूर बघायला.

मग दरवाजा. कूपेच्या काचांना चौकट नसते. हँडल ओढताच काच साधारण सेंटिमीटरभर खाली सरकली पाहिजे आणि दरवाजा लागताच पुन्हा वर जाऊन रबरात बसली पाहिजे. सरकत नसेल तर बॅटरी अशक्त असेल, स्विच गेला असेल किंवा रेग्युलेटर. बंद दरवाजावर वरून दोन मिनिटं पाण्याचा पाइप सोडा आणि आतून रबराच्या कडेने बोट फिरवा. जुलैत रोज गालिचा ओला होणार की नाही, याचं उत्तर तिथेच मिळतं.

चारही चाकं आतल्या बाजूने बघा. खड्ड्यात आपटलेली रिम बाहेरून चकचकीत आणि आतून वाकलेली असते. टायरच्या बाजूवर हाताचा तळवा फिरवून फुगवटा शोधा. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजमापाशी ताडून बघा.

लिफ्टवर घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. खालचे ट्रे फाटलेले, तारेने बांधलेले किंवा बोल्ट नसलेले दिसले तर गाडी कशी वापरली गेली ते समजलं.

टेस्ट ड्राइव्ह किती घ्यायची?

किमान ४० मिनिटं. सुरुवातीला ट्रॅफिक, कारण थंड गिअरबॉक्सचे झटके तिथेच कळतात. मग खराब रस्ता, म्युझिक आणि एसी बंद ठेवून. मग मोकळा रस्ता आणि शेवटी एखादा चढ. गाडी परत आली की एसी लावून दहा मिनिटं उभी सुरू ठेवा आणि तापमान बघा. त्यानंतर लगेच स्कॅन करा. स्कॅनमध्ये बिघाडाचा एकही कोड नाही, पण उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, याचा अर्थ बहुधा कालच कोड पुसले किंवा बॅटरी काढली.

रीमॅप केलेली गाडी घ्यावी का?

रोजच्या वापराला नको. ‘परत स्टॉक केली आहे’ असं सांगितलं तर डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), इनटेक आणि प्लग मूळ आहेत का, हे लिफ्टवर तपासा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला असेल तर पीयूसीपासूनच अडचण सुरू होते. ऑडीच्या सिस्टिममध्ये बदललेल्या सॉफ्टवेअरची खूण पडते आणि वॉरंटीचा दावा नाकारला जातो.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

मुंबई, चेन्नई आणि पुण्यातल्या पुरांनंतर साफ केलेल्या गाड्या दुसऱ्या शहरांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळ्याजवळच्या पट्ट्यावर मातकट रेघ असते, ती सहसा कोणी धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, बूटखालची बॅटरीची जागा आणि पायाजवळच्या गालिच्याखालचा फोम बघा. कनेक्टर उघडून हिरवट गंज दिसला, तर भाव निम्मा केला तरी घेऊ नका. अशा गाडीतले इलेक्ट्रॉनिक बिघाड एकेक करून दोन-तीन वर्षं निघत राहतात.

टायर कधी बदलायचे?

बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी काढा. कायद्याने नक्षी १.६ मिमी चालते, पण रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीला पावसाळ्यात ३ मिमीखाली नको. एम २ ला पुढे २४५/३५ आणि मागे २६५/३५, १९ इंची लागतात, म्हणजे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत. एका चांगल्या टायरला २५ ते ४५ हजार धरा.

ई २० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल चालेल का?

झाकणाच्या आतलं लेबल आणि मॅन्युअल वाचा. एप्रिल २०२३ आधीच्या यांतल्या बऱ्याच गाड्या ई १० पर्यंत मान्य आहेत. ऑक्टेनबद्दलही तिथेच लिहिलेलं असतं, बहुतेकींना ९८ ची शिफारस असते. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० किंवा तसं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल निवडक पंपांवर मिळतं.

इथेनॉल किती आहे ते घरी मोजता येतं. खुणा असलेल्या १०० मिलीच्या नळकांड्यात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्या, हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. २८ च्या आसपास गेला तर ते ई २० आहे. हे मोकळ्या हवेत, ठिणगीपासून लांब करा. ई २० शिवाय पर्याय नसेल तर टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

महिन्याचा खर्च किती?

शहरात लिटरला ५ ते ७ किलोमीटर. महिन्याला १,००० किलोमीटर, ६ चं मायलेज आणि १०५ रुपये लिटर धरले तर पेट्रोलच साडेसतरा हजारांचं. कंपनीचा संगणक १५ हजारांवर ऑइल बदलायला सांगत असला तरी शहरातल्या टर्बो इंजिनाचं ८ ते १० हजारांवर किंवा वर्षाला बदला. एम २ ला ते साडेसहा लिटर लागतं. पहिल्या वर्षासाठी खरेदी किमतीच्या १५ टक्के वेगळे ठेवा. सगळी रक्कम गाडीतच गेली आणि हातात काही उरलं नाही, तर एक पायरी खालची गाडी घ्या.

दुसऱ्या राज्याचं पासिंग असलेली गाडी स्वस्त का मिळते?

कारण तिथे रोड टॅक्स कमी भरलेला असतो आणि उरलेला भार तुमच्यावर येतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि कंपनीच्या नावावरच्या किंवा आयात केलेल्या गाडीला २० टक्के एकरकमी कर लागतो. जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, हे हातात आल्याशिवाय ‘एजंट करून देईल’ यावर थांबू नका. कुणी खासगीरीत्या आयात केलेली गाडी असेल तर सीमाशुल्क भरल्याचं बिल ऑफ एन्ट्री बघा.

इन्शुरन्समध्ये काय बघायचं?

आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. इंजिन प्रोटेक्ट घ्याच, कारण साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा सेल मारल्याने झालेलं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत मिळत नाही. झीरो डेप (घसारा न कापता भरपाई) ठरावीक वयापर्यंतच मिळतो. ती मर्यादा कंपनीगणिक बदलते, तेव्हा भाव ठरवण्याआधी कोटेशन मागवा.

पैसे कधी द्यायचे?

टोकन तपासणीनंतर, आणि ‘कागद अपूर्ण निघाले तर परत’ असं लिहून घेऊन. मोठी रक्कम आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात, डीलरच्या भावाच्या नाही. ताबा घेताना दोन्ही किल्ल्या, अलॉय लॉक नटची चावी (ती बूटच्या टूलकिटमध्ये असते आणि हमखास हरवलेली असते), सर्व्हिसची बिलं आणि तारीख-वेळ लिहिलेली ताबापावती घ्या. पावतीवर किलोमीटरही लिहा. आदल्या दिवशीची चलनं कुणाच्या नावावर, हा वाद तिथेच मिटतो. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांच्या आत द्या.